एसटीपी चालतो की नुसता उभा आहे? पंचगंगाकाठच्या एका केमिस्टची तपासायची रीत

पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला नदी बिघडल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल-मे आला की बंधाऱ्यांमागचं पाणी हिरवट काळं पडतं, जलपर्णी पसरते, आणि तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेल्याची बातमी येते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. तेव्हापासून निवेदनं, मोर्चे, बैठका झाल्या, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच मिळालं: "अमुक एमएलडीचा एसटीपी आहे आणि तो सुरू आहे." एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, आणि एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. एवढा मोठा आकडा ऐकला की समोरचा माणूस गप्प बसतो.

नोकरीची बहुतेक वर्षं मी मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली. बाटल्या भरणं, ब्युरेट लावणं, रजिस्टर लिहिणं हेच काम. त्या अनुभवावरून सांगते, क्षमतेच्या पाटीवरून काहीच कळत नाही. किती पाणी आत आलं, किती वीज जळली आणि किती गाळ बाहेर गेला, या तीन हिशेबांवरून सगळं कळतं. हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले तर केंद्र चाललं असं समजा. जुळले नाहीत तर नदीत काय गेलं असेल याचा अंदाज तुम्हालाच येईल. हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी घरी बसून आकडेमोड

शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळतं असं धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. गुणाकार केला की साधारण ६० एमएलडी येतं. शहरात दोन मोठी केंद्रं आहेत, कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं आणि दुधाळीचं १७ एमएलडीचं. बेरीज ९३. लोकसंख्या वाढली आहे हे धरलं तरी कागदावर क्षमता कमी दिसत नाही. मग "अजून एक एसटीपी बांधा" या मागणीच्या आधी "शहराचं सगळं मैलापाणी आहे त्या केंद्रापर्यंत पोचतं का?" हा प्रश्न विचारायला हवा. तुमचं गाव वेगळं असेल तर तिथली लोकसंख्या घालून हाच गुणाकार करा. कित्येक नगरपालिकांच्या गावांत केंद्रच अपुरं निघेल, मग प्रश्न वेगळा होईल.

पोचणं इतकं महत्त्वाचं का, तेही आकड्यांतच बघा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते त्याचं माप. शहरी मैलापाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. ६० एमएलडी म्हणजे रोज १५ टन बीओडी. केंद्राने बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमवर आणला तर नदीत जातात ६०० किलो. आता समजा, पाचवा हिस्सा, म्हणजे १२ एमएलडी, केंद्राला न पोचता नाल्यातून थेट नदीत गेला. त्याचे एकट्याचे झाले ३ टन, आणि उत्तम शुद्ध झालेल्या उरलेल्या ४८ एमएलडीचे ४८० किलो. नदीवरचा भार जवळजवळ सहापट झाला, आणि केंद्राचे रिपोर्ट मात्र शंभर टक्के चांगलेच आले! कोणी खोटं बोललं नाही तरी नदी मेली. नाल्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे ती यामुळेच.

नाला पायी चालत बघा

मार्च ते मे या कोरड्या दिवसांत जा, पाऊस नसताना. नाल्याच्या मुखातून नदीत पाणी पडताना दिसलं तर ते पावसाचं असणं शक्य नाही. जयंती नाल्यासारख्या ठिकाणी नाल्याचं पाणी बंधारा घालून अडवतात आणि पंपाने उचलून केंद्राकडे पाठवतात. तिथे जाऊन बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत: किती पंप चालू आहेत, जादा पंप दुरुस्त आहे का, वीज गेल्यावर चालेल असा जनरेटर आणि त्यात डिझेल आहे का, बंधाऱ्यावरून पाणी ओसंडतंय का. सकाळी सात ते दहा या वेळात जा. घराघरांत आंघोळी-धुणी चालू असतात, मैलापाण्याचा लोंढा तेव्हाच सर्वांत मोठा असतो. दुपारी तीनला सगळीकडे आलबेल दिसतं.

मुखाखालचे दगड पाहा. त्यांवर करड्या रंगाचे, कापसासारखे लोंबते झुपके वाढलेले असतील तर तिथे कच्चं मैलापाणी बऱ्याच दिवसांपासून येतंय. हे झुपके आठवड्याभराची स्वच्छता मोहीम काढून लपत नाहीत. गाळात लाल, बारीक, वळवळणारे किडे दिसले तरी अर्थ तोच. प्रत्येक जागेचा फोटो तारीख-वेळेसह आणि मोबाईलवरच्या लोकेशनसह ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. चेंबरचं झाकण उघडून आत वाकू नका, आणि दुसऱ्या कुणालाही आत उतरायला लावू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड माणसाला दोन श्वासांत बेशुद्ध करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नसतं, वायू जास्त असला की नाकच काम करेनासं होतं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैल्यात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

केंद्रात गेल्यावर

आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, पाच-सहा जण जा, शक्य झालं तर एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना बरोबर घ्या. तिथल्या ऑपरेटरशी आदराने बोला. तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा कमी पगारातला माणूस असतो आणि कुठे काय बंद आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आत शिरताच दोन मीटर शोधा. आवकेचा फ्लो मीटर आणि विजेचा मीटर. दोन्हींचं एकूण रीडिंग वेळेसह लिहून घ्या. बाहेर पडताना पुन्हा लिहा. तासा-दीड तासाचा खरा हिशेब तुमच्या वहीत आला. हे करताना कुणाशी वाद घालावा लागत नाही.

मग पाण्याच्या वाटेने चाला. पहिली जाळी. चालत्या केंद्रात जाळीवर ओला कचरा लटकलेला असतो, पिशव्या, केस, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या. कचरा वाळून कडक झाला असेल तर तिथून बराच वेळ पाणी गेलेलं नाही. जाळीच्या आसपास बायपासचा गेट असतो, त्यातून पाणी शुद्ध न होता थेट बाहेर काढता येतं. तो कुठे उघडतो आणि शेवटचा कधी उघडला हे विचारा, रजिस्टरमधली नोंदही मागा. पुढे ग्रिट चेंबर, तिथे वाळू खाली बसते. त्यावर फार वेळ घालवू नका.

थांबायचं ते एरेशन टँकपाशी. केंद्राचा जीव तिथे असतो. टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवायचे आणि त्यांनी घाण खायची, ही युक्ती १९१४ मध्ये मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. आजच्या बहुतेक केंद्रांची मुळं तिथे आहेत, नाव एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसू देणं) असो की आणखी काही. निरोगी टाकीतलं पाणी तपकिरी असतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. काळं पाणी आणि कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे हवा कमी पडतेय. पांढरा, हलका फेस बराच असेल तर जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नाहीत. गडद, तेलकट, जाड साय असेल तर गाळ जुना झालाय, वेळेवर काढला जात नाही. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रं, रात्री बंद ठेवतात का, हे मोकळेपणाने विचारा. वीजबिल वाचवायला काही ठिकाणी तसं करतात. पण हे जिवाणू हवेवर जगतात. रात्रभर हवा तोडली की गाळ सडायला लागतो आणि टाकी पूर्वपदावर यायला दिवस लागतात.

आता माझी सर्वांत आवडती चाचणी. प्रयोगशाळेतून एक लिटरचा काचेचा नळकांडी जार मागा. हवा चालू असताना टाकीतलं पाणी त्यात भरा, सपाट जागी ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. चांगल्या टाकीतला गाळ गोळे धरून खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात गाळाची रेघ २०० ते ३०० मिलिलीटरवर यावी. एसबीआरमध्ये जिवाणू दाट असल्याने ती थोडी वर असली तरी चालतं. रेघ ५० वर असेल तर टाकीत जिवाणू जवळजवळ नाहीत, तिथून पाणी फक्त आत येतं आणि बाहेर जातं. अर्ध्या तासानंतरही रेघ ८००-९०० वर अडकली असेल तर गाळ फुगलाय आणि तो शुद्ध पाण्याबरोबर नदीत वाहून जाणार. या जाराचा फोटो काढा. रिपोर्टच्या पानापेक्षा माझा या जारावर जास्त विश्वास आहे.

शेवटी क्लोरिन. पाणी क्लोरिन घालून अर्धा तास थांबायला हवं. टाकी कोरडी किंवा शेवाळलेली दिसली तर क्लोरिन खरेदीची बिलं मागायच्या यादीत घाला.

तीन हिशेब कागदावर

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. मागच्या बारा महिन्यांचं हे मागा: रोजच्या आवकेची नोंदवही, केंद्राची आणि पंपिंग स्टेशनची वीजबिलं, गाळ बाहेर नेल्याच्या गाडीवार नोंदी, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. या कायद्यात कागदांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्जात तेही लिहा, बहुतेक जण विसरतात.

वीज आधी बघा. हवा देण्याच्या पद्धतीच्या केंद्राला दर दहा लाख लिटरमागे साधारण दीडशे ते दोनशे युनिट लागतात, शहरातून पाणी उचलणारे पंप वेगळे. ५० एमएलडी शुद्ध केल्याचं लिहिलं असेल तर रोजचे साडेसात ते दहा हजार युनिट दिसायला हवेत. बिलात निम्मेच असतील आणि सोलर किंवा गोबरगॅससारखा स्वतःचा वीजस्रोतही नसेल, तर एक तर पाणी तेवढं आलं नाही किंवा ब्लोअर चालले नाहीत. वीजबिल दुसरं खातं पाठवतं, त्यामुळे केंद्रात बसून ते बदलता येत नाही.

नंतर गाळ. याकडे कुणी बघत नाही, पण मला सर्वांत जास्त हाच आकडा बोलतो. पाण्यातून काढलेली घाण नाहीशी होत नाही, तिचा गाळ होतो. पिळून काढलेला ओला गाळ दाट मैलापाण्यात दर एमएलडीमागे एक टनाच्या आसपास येतो. आपल्याकडे नाल्याचं पातळ पाणी येतं म्हणून निम्मा धरा, आणि डायजेस्टर (गाळ कुजवणारी बंद टाकी) असेल तर आणखी कमी. तरीही ५० एमएलडीच्या केंद्रातून रोज काही ट्रॉल्या बाहेर पडायलाच हव्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन-चार टन धरून तुम्हीच मोजा. रजिस्टरमध्ये आठवड्याला दोन ट्रॉल्या असतील तर बाकीचा गाळ कुठे गेला? हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

रिपोर्ट सर्वांत शेवटी वाचा आणि संशयाने वाचा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा संमतीपत्रात असते. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये १० चा आग्रह धरला. मला १० च योग्य वाटतो, कारण उन्हाळ्यात आपल्या नद्यांत वरून येणारं पाणी फारच थोडं असतं. पात्रात जे वाहतं त्यातलं बरंचसं केंद्रातून आलेलं असतं.

खरे रिपोर्ट खालीवर होतात. वर्षभर बीओडी ८, ८, ९, ८ असाच असेल तर शंका घ्या. जुलैतलं आवकेचं पाणी आणि एप्रिलमधलं आवकेचं पाणी यांची तुलना करा. पावसात मैलापाणी पातळ होतं, जुलैचा आकडा लक्षणीय कमी असायला हवा. दोन्ही सारखेच असतील तर ते टेबलावर बसून लिहिलेले असण्याची शक्यता मोठी. शिवाय आपल्याकडे बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते, त्याच दिवशी निकाल येत नाही. नमुन्याची आणि निकालाची तारीख एकच असेल तर तिथे खूण करा.

नदीचा नमुना

निदान तीन जागा हव्यात: शहराच्या वर, म्हणजे प्रयाग चिखलीच्या बाजूला, नाल्यांच्या खाली राजाराम बंधाऱ्याच्या आसपास, आणि आणखी खाली एक. नाल्याच्या मुखाला लागून घेऊ नका, तिथलं पाणी काठाकाठाने जातं, नदीत मिसळलेलं नसतं. पुलावरून किंवा होडीतून, मधल्या प्रवाहात, पृष्ठभागाखाली वीतभर.

वेळ महत्त्वाची आहे. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, दुपारी तीनला लिटरला ९-१० मिलिग्रॅम दिसतो आणि नदी ठणठणीत वाटते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. मासे मरतात ते पहाटे. म्हणून उजाडण्याआधी नमुना घ्या. ३०० मिलिलीटरची काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न राहता भरा आणि मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड काठावरच घाला. दोन्ही रसायनं घातक आहेत, हातमोजे घालून प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच करा. बाटलीत तपकिरी साका झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. आकडा नंतर प्रयोगशाळेत कळेल, पण काठावर उभ्या असलेल्या सरपंचांना आणि नगरसेवकांना तो पांढरा साका लगेच समजतो.

बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. मैल्यातले जंतू तपासायचे असतील तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. नदीत आंघोळ करण्यायोग्य पाण्याचे निकष असे: प्राणवायू ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, मैल्यातले जंतू १०० मिलिलीटरमध्ये फार तर २५००, खरं तर ५०० च असावेत. नरसोबावाडीला संगमावर स्नान करणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत इतके ते महत्त्वाचे आहेत.

तुमचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, त्यासाठी १९७४ च्या जल कायद्यानुसार मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर नमुना घ्यावा लागतो. तुमच्या नमुन्यामुळे त्यांना नेमकं कुठे आणि किती वाजता बोलवायचं हे कळतं.

पत्र कसं लिहायचं

एका पत्रात एकच नाला, एकच मागणी. "पंचगंगा वाचवा" असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं. हे बघा:

"दि. __ रोजी सकाळी ८ वाजता __ नाल्याच्या पंपिंग स्टेशनवर तीनपैकी एकच पंप सुरू होता आणि बंधाऱ्यावरून सांडपाणी नदीत जात होतं, फोटो जोडले आहेत. जल कायदा १९७४, कलम २४ नुसार प्रदूषित पाणी नदीत सोडण्यास मनाई आहे. बंद पंप किती दिवसांत सुरू होणार ते लेखी कळवावं."

महापालिकेला मूळ प्रत, मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला दुसरी, दोन्हींवर पोच घ्या. पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा आणि दुसरं पत्र पहिल्याच्या पोचेसह द्या.

दरम्यान घरातल्या दोन गोष्टी. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असेल तर तोडून पावसाळी गटारीकडे किंवा जमिनीत वळवा. पावसात एसटीपी बायपास करावा लागतो त्याचं मोठं कारण हे पाइप आहेत. आणि सेप्टिक टँक उपसायला गाडी बोलावली तर ती कुठे रिकामी करणार हे विचारून, केंद्राची पावती आणल्यावरच उरलेले पैसे द्या.

हे सगळं एप्रिलमध्ये सुरू करा. जूनमध्ये बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघतात, साचलेलं पाणी आणि तळाचा गाळ एकदम खाली सुटतो, आणि पुढे दोन-तीन महिने पुराच्या पाण्यात कुठलाच नमुना काही सांगत नाही. मेअखेर पंपिंग स्टेशनचा जादा पंप आणि जनरेटर चालवून दाखवा, अशी लेखी मागणी करा आणि चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा.